दोरीची गाठ आणि पळी

त्या वर्षी मीठ असं पिकलं की खारकोंडची माणसं आपसात भांडायचीसुद्धा विसरली. चैत्र लागला तरी मुंब्र्याच्या डोंगराकडून सुका वारा वाहत होता, आभाळात नखाएवढा ढग नव्हता, आणि डोंबिवलीच्या खाडीअंगाला पसरलेल्या त्या आगरात बांधाबांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी उभ्या राहिल्या होत्या. त्यात शेवंतीच्या राशी सगळ्यांत उंच. असं ती स्वतःच सांगायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नसल्यामुळे सगळे मान डोलवायचे.

शेवंतीची चाळिशी उलटून गेली होती. खाऱ्या पाण्यात उभं राहून टाचांना भेगा पडलेल्या, हाताची कातडी खारकीसारखी झालेली, पण कंबर अजून ताठ. तिचा नवरा धाकू हा अगदी उलट. दिवसाकाठी पाच शब्द बोलला तर घरात काहीतरी बिघडलंय असं समजावं. मुलगा मारुती व्यापाऱ्याच्या गलबतावर मीठ घेऊन मुंबईकडे गेला होता. त्याची बायको शकू सातव्या महिन्यात होती आणि सासूने बसवून ठेवलं तरी बसत नव्हती.

त्या दिवशी सकाळपासून नवरा-बायको एक वाफा तुडवत होते. वाफ्याचा तळ झिरपायला लागला होता. पाणी टिकलं नाही तर मीठ धरत नाही. म्हणून तळाची माती भिजवायची, पायाने तुडवायची, मग फळीने बडवून गुळगुळीत करायची. चार दिवस हे काम चाललं होतं. शेवटचा हात फिरला तेव्हा वाफा लिंपलेल्या भिंतीसारखा झाला.

"बघा," शेवंती फळी टेकवून म्हणाली, "यावर मुंगी चालली तरी दिसंल."

"हूं," धाकू म्हणाला.

आगरात ओल्या वाफ्यात पाय घालणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतण्यासारखं. पोरंसोरंसुद्धा बांधावरून चालायची. कुणी चुकून उतरलाच तर त्याचं पाऊल चिखलात राहायचं आणि पाऊल बघून आगरातली बाई माणसाचं नाव सांगायची. जन्मभर खाली मान घालून काम केलेल्यांना तोंडांपेक्षा पावलंच जास्त ओळखीची.

वाकून काम करणाऱ्याला उभ्या माणसाचं तोंड दिसत नाही. दिसते ती त्याची कंबर. त्यामुळे शेवंतीला नाक्याच्या चौकीतला एकच शिपाई नीट माहीत होता, तो म्हणजे विश्राम. घाटावरचा माणूस, पन्नाशीला टेकलेला. दर गुरुवारी त्याची फेरी असायची. निळा डगला, काळा पट्टा आणि पट्ट्याच्या मधोमध पितळी बिल्ला. बिल्ला असा घासलेला की उन्हात अर्ध्या कोसावरून चमकायचा. विश्राम येतोय हे त्याच्याआधी त्याचा बिल्लाच सांगायचा.

"वैनी, मीठ बरं हाय औंदा," तो बांधावर टेकत म्हणायचा.

"बरं म्हंजे? तुमच्या मिशीपरीस पांढरं हाय."

तो हसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, तांब्या आपल्या हाताने विसळून पालथा घालायचा आणि उठायचा. फुकटची मासळी त्याने कधी उचलली नाही. त्याच्या बिल्ल्यावर दोन खुणा होत्या. एक सुटत आलेल्या दोरीच्या गाठीसारखी, शेजारी एक पळीसारखी. वाकल्या वाकल्या शेवंतीने त्या शेकडो वेळा पाहिल्या होत्या. तिला त्या सरकारचा छाप वाटायच्या, आणि का वाटू नयेत? रोज संध्याकाळी मीठखात्याचा माणूस लाकडी ठसा घेऊन यायचा, राशीवर चिखलाचा हात फिरवून त्यावर तो दाबायचा. सकाळी ठसा शाबूत असला म्हणजे रात्री मीठ हललं नाही. ठसा सगळ्या राशींवर तोच, पलीकडच्या आगरातही तोच. सरकार एक, तशी त्याची खूणही एक.

वाफा तयार झाला त्याच दुपारी, भरतीच्या वेळेला, बांधाकडून एक शिपाई आला. एका हातात जोडा, दुसऱ्या हातात शेळीचं दावं, पाठीवर गाठोडं. उन्हासाठी त्याने पटक्याचा शेव तोंडावरून ओढून घेतला होता. होडी बांधली होती तिकडे जायला बांधावरून वळसा पडत होता. त्याने तो घेतला नाही. सरळ वाफ्यात उतरला.

"अवो, वाफ्यातून नका! आताच तुरवलाय!" शेवंती किंचाळली.

"चूप! सरकारी काम आहे," तो म्हणाला आणि चार दिवसांच्या मेहनतीवरून पचक पचक चालत पलीकडे गेला. शेळीही गेली. शेळीचं तिला एवढं वाटलं नाही.

"होडी कुणाची?"

"आमची," धाकू म्हणाला.

"पल्याड जायचंय. सांजेला आणून बांधतो."

"मी सोरून येतो."

"नको. तू तुझं काम कर."

शेवंती वाकलेलीच होती. तिला दिसला तो निळा डगला आणि पट्ट्यावरून गच्च गुंडाळलेलं तांबडं उपरणं. मान वर करेपर्यंत उन्हात मिठाची तिरीप डोळ्यांत गेली, आणि होडी पाण्यावर गेली.

सांज झाली. होडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

होडी म्हणजे त्या घराचं पाणी होतं. आगरात चहूकडे पाणी, पण पिण्यासारखं थेंबभर नाही. गोड्या पाण्याची विहीर खाडीपलीकडे. रोज सकाळी धाकू होडीत सहा मडकी घालून जायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचा. आता बांधाबांधाने दीड कोस जायचं, दीड कोस यायचं, डोक्यावर दोन मडकी, आणि घरी येईपर्यंत त्यातलं एक अर्ध्यावर आलेलं. धाकू पहाटे गेला की दुपारी परतायचा. मीठ ओढायला शेवंती एकटी उरायची. तुडवलेल्या वाफ्याकडे बघायलाही कुणाला फुरसत नव्हती. तो उन्हात तसाच वाळला, मधोमध पावलांची रांग घेऊन.

चौथ्या दिवशी शेवंती वाफ्यातून वर आली तर शकू दिसेना. थोड्या वेळाने ती बांधावरून येताना दिसली, डोक्यावर मडकं, एक हात कमरेवर.

"अगं तुला कुनी धारलं?"

"कुनी नाय, आय. तुमच्या घशाला कोरड परली हुती ना."

शकूचे पाय सुजून मडक्याच्या बुडासारखे झाले होते. शेवंतीने मडकं उतरवलं, तिला सावलीत बसवलं, पाय चोळले, आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या चौकीत जायाचं."

"हूं," धाकू म्हणाला. पण तो म्हणाला एवढंच पुष्कळ होतं.

चौकी तीन कोसांवर, नाक्याला. फौजदार नवा होता. पान खात होता आणि त्याला मिठागरांतल्या माणसांचा वास सोसत नव्हता, असं त्याच्या नाकावरून दिसत होतं. दोघांना पायरीखाली उभं करून त्याने सगळं ऐकलं.

"शिपाई कसा होता?"

"निला डगला हुता."

"निळा डगला सगळ्यांनाच आहे. तोंड?"

"झाकलेलं हुतं, सायेब."

"मग मी काय ज्योतिष सांगू? बिल्ला तरी होता ना? त्यावर काय होतं? वाचता येत नसेल तर काढून दाखव."

आता इथे शेवंतीने खरं तर म्हणायला हवं होतं की बिल्ला उपरण्याखाली होता. पण झाकलेल्या राशीखाली काय असतं? मीठच. झाकलेल्या बिल्ल्यावर काय असणार? जे असतं तेच. एवढ्या साध्या गोष्टीसाठी साहेबाला ताटकळत ठेवायचं कशाला? ती खाली बसली आणि धुळीत बोटाने तिने ठसठशीत काढलं. दोरीची गाठ. शेजारी पळी.

फौजदाराने वाकून बघितलं. त्याच्या भुवया वर गेल्या. मग तो कारकुनाला काहीतरी हळू बोलला आणि कारकुनाने लिहून घेतलं.

"नक्की हेच?"

"हेच, सायेब. मी किती येला बघलंय."

"बरं. जा. चौकशी होईल."

परत येताना शेवंती खुशीत होती. सरकारदरबारी आपण नुसतं तोंड वाजवलं नाही, तर लिहूनसुद्धा दाखवलं, याचा तिला एवढा अभिमान वाटला की तीन कोस तिने नवऱ्याला तेच सांगितलं.

पुढच्या गुरुवारी ती अधूनमधून बांधाकडे बघत होती. विश्राम आला की त्याला सगळं सांगायचं होतं. मागच्या गुरुवारीही तो आला नव्हता. दुपार कलली तरी काही चमकलं नाही. मग एक धोतर-बंडीतला म्हातारा बांधावरून आला आणि नेहमीच्या जागी टेकला. शेवंतीने वाकल्या वाकल्या विचारलं, "कोन पायजे, बाबा?"

"वळखलं न्हाई व्हय, वैनी?"

तिने मान वर केली. "विश्रामदादा! अवो, पट्टा कुठं? डगला कुठं?"

"चौकीत जमा हाय." तो धाकूकडे वळला. "धाकूबा, तुमी कमी बोलता, पर खोटं बोलत न्हाई. खरं सांगा. म्या तुमची होडी नेली?"

"तुमी?" धाकूच्या हातातलं फावडं थांबलं. "कोन बोलला?"

"तुमीच. कागदावर हाय. एक्केचाळीस नंबर. वैनीनं आपल्या बोटानं काढून दावला म्हनं. त्या आटवडाभर म्या रानाकडच्या फेरीला एकलाच हुतो, साक्षीला झाडं तेवढी. सोमवारी ठाण्याचा सायेब येनार. त्यानं मानलं तर नोकरी ग्येली."

"मी तुमचं नाव कई घेतलं?" शेवंतीचा आवाज चढला. "मी तर सरकारचा छाप काढला!"

"छाप न्हवं, वैनी. त्यो माझा नंबर हाय. दर शिपायाचा येगळा. चौकीत बारा शिपाई, बारा नंबर."

शेवंती बांधावर मटकन खाली बसली. तिला एकदम सगळं कळलं आणि तिची तिलाच शरम वाटली. इतकी की कान तापले. तांब्या विसळून ठेवणारा माणूस. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर कुणी बोट उचललं नव्हतं, आणि आपण त्याच बोटाने धुळीत त्याची नोकरी पुसून आलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; फाशीचा दोरसुद्धा तिनेच वळला होता, गाठीसकट.

"मी उपरनं बघलं," ती म्हणाली. "बिल्ला बघलाच नाय. मना वाटलं, सगल्यांचा येकच."

विश्राम हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "बाकीच्यांचा बघनार कुटनं? समदे झाकून फिरत्यात. नंबर दिसला की तक्रार व्हती. चौकीतली पोरं मला म्हनत्यात, म्हाताऱ्या, तू बी झाकला असतास तर ह्यो दिवस आला नसता. त्यांचंबी काय चुकलं?"

शेवंती खाली बघत राहिली. खाली विश्रामची पावलं होती. वहाण काढून बसला होता तो. रुंद, सपाट, फतकल पावलं, अंगठा बाजूला गेलेला.

ती ताडकन उठली.

"या माझ्यासंगं."

तिने त्याला त्या वाफ्यापाशी नेलं. दहा दिवसांच्या उन्हाने चिखल विटेसारखा झाला होता आणि पावलांची रांग कालची वाटावी इतकी स्वच्छ होती. अरुंद, खोल टाचेचं पाऊल. आणि डाव्या पायाला चारच बोटं उमटलेली. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असावी, ती मातीला टेकलीच नव्हती.

"ठेवा बघू तुमचा पाय शेजारी."

विश्रामने ठेवला. म्हशीशेजारी शेळी उभी केल्यासारखं दिसलं. शेवंतीला इतका आनंद झाला की तिने टाळीच वाजवली. पण विश्राम त्या चार बोटांकडे बघून एकदम दुसरीकडे बघायला लागला. चौकीतली माणसं एकाच विहिरीवर पाय धुतात.

"तुमाला ठावं हाय, कोन ते."

"न्हाई."

"ठावं हाय! तोंड फिरवलंत ते मी बघलं."

"असंल ठावं. म्या न्हाई सांगनार. एका ताटात जेवतो आमी, वैनी. शिपायानं शिपायाचं नाव घ्यायचं नसतं."

"तो तुमचं नाव बुरवतो, नि तुमी त्याचं ताट राखता! वा रे मर्द!"

विश्राम बांधावरून परत निघाला, तेव्हा त्याची पाठ थोडी वाकली होती. तो बराच लांब गेल्यावर धाकू म्हणाला, "त्यानं नाय सांगला तरी पाऊल सांगंल. पाऊलच उचलून न्हेऊ."

एका दमात एवढे शब्द ऐकून शेवंती त्याच्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकूने कुदळीने त्या डाव्या पावलाभोवती चौकोन कापला. चार बोटं खोल, हळूहळू, खालून फळी सरकवत. पाटीत पेंढा घातला, वर ते ढेकूळ ठेवलं, त्यावर ओलं फडकं. शकू म्हणाली, "आय, गौर न्हेतात तशी न्हेतांव तुमी." शेवंतीने तिला गप्प केलं, पण हसू तिलाही आलं. मग तीन कोस. ढेकूळ कसलं, धोंडाच होता. अर्ध्या वाटेपर्यंत धाकूने नेलं, मानेच्या शिरा तटतटल्या तसं शेवंतीने घेतलं. लांबून आगगाडीचा धूर गेला. वाटेत दोनदा टेकले, दोन्ही वेळा शेवंतीने फडकं उचलून बोटं मोजली. चारच होती.

चौकीच्या दारातल्या शिपायाने विचारलं, "पाटीत काय?"

"पाऊल."

"कुणाचं?"

"तेच इचाराला आलोय."

फौजदार बाहेर आला. ओसरीवर ढेकूळ बघून त्याचं पान तोंडातच राहिलं. शेवंतीने हात जोडले आणि एका श्वासात सांगून टाकलं की ते मी काढलं ते चुकलं, ती खूण विश्रामदादाची, मला ती सरकारची वाटली, आमच्या राशींवर सगळीकडे एकच असते, ज्याने होडी नेली त्याचा बिल्ला मी बघितलाच नाही, तो झाकलेला होता, पण पाय झाकला नव्हता.

"म्हणजे खोटी फिर्याद दिलीस!" फौजदार गरजला. "सरकारी कागदावर खोटं लिहायला लावलंस! तुलाच आत टाकतो आता."

शेवंतीला शकूचे सुजलेले पाय आठवले. पण ती मागे सरली नाही. "टाका, सायेब. चूक माझी हाय, मी बसतो आत. पन त्याआधी ह्यात पाय घालून बघा समद्यांचे. नाय जुलला, तर मना जल्मभर ठेवा."

आवाजाने शिपाई जमले होते. त्यांत धोतर-बंडीतला विश्रामही होता, भिंतीला टेकून. त्याने शेवंतीकडे बघितलं आणि मान खाली घातली. फौजदाराने सगळ्यांकडे एकदा बघितलं. त्याला राग आलाच होता, पण उत्सुकताही आली होती, आणि नव्या माणसाची उत्सुकता रागापेक्षा मोठी असते.

"जोडे काढा," तो म्हणाला.

कुणी हसत, कुणी कुरकुरत जोडे काढले. एकेकाने डावा पाय ढेकळावर धरायचा. पहिल्याचा मोठा, दुसऱ्याचा आखूड, तिसऱ्याला अंगठाच बसेना. हशा वाढत गेला. सगळ्यांच्या मागे, कमरेला तांबडं उपरणं गुंडाळलेला एक शिपाई उभा होता. त्याने जोडे काढले नव्हते.

"महिपत, तू?"

"पायाला लागलंय, साहेब."

"बघू तर."

महिपत पुढे आला. जोडा काढला, आणि पाय अलगद टेकवायच्या ऐवजी त्याने ढेकळावर जोरात आपटला. फोडायचा बेत असावा. पण दहा दिवस खाऱ्या उन्हात भाजलेली आगराची माती ती. फुटली नाही. पाय तिच्यात जाऊन बसला, मडक्यावर झाकण बसावं तसा, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढून वरच राहिली.

"उपरणं काढ," फौजदार म्हणाला. उपरण्याखालून बिल्ला निघाला. शेवंतीने तो नीट बघून घेतला. पळी होती, आणि शेजारी मासे पकडायचा गळ. एकदम वेगळाच. तिला वाटलं, एवढं साधं आपल्याला आजवर कुणी सांगितलं का नाही?

होडी महिपतच्या सासऱ्याच्या बंदराला बांधलेली निघाली. पेंढा वाहायला बरी पडत होती त्यांना. फौजदाराने महिपतचा पट्टा उतरवून घेतला आणि सगळ्यांना बजावलं की यापुढे बिल्ल्यावर फडकं दिसलं तर फडकं आणि शिपाई दोन्ही बाहेर काढीन. मग शेवंतीकडे वळून म्हणाला, "आणि तू. ही माती कोण उचलणार? झाडून जा."

माफी वगैरे काही नाही. शेवंतीने पदर खोचला, ढेकूळ पाटीत घातलं, ओसरीवर सांडलेली माती हाताने गोळा केली. बारा शिपाई बघत होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला ते लागलं असतं. त्या दिवशी तिने कोपऱ्यातली चिमूटसुद्धा सोडली नाही. विश्राम पुढे आला आणि पाटी तिच्या डोक्यावर चढवायला त्याने हात लावला.

होडी आली. सहा मडकी पुन्हा सकाळी सकाळी भरून यायला लागली. शकूच्या पायांची सूज उतरली आणि ती सासूला उलट उत्तरं द्यायला लागली, म्हणजे तब्येत ठीक होती. धाकूने वाफ्यातला खड्डा बुजवला, नव्याने तुडवला, खाडीचं पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी पाण्यावर मिठाची साय धरली.

पण गुरुवार आला तसं शेवंतीचं कामात लक्ष लागेना. वाकायची आणि पुन्हा उठून कपाळावर हात धरून बांधाकडे बघायची. एक गोष्ट तिला आतून खात होती. विश्रामला पट्टा मिळाला असेल. पण दिसत होता म्हणून तोच एकटा सापडला होता. आता शहाणा माणूस काय करील? झाकूनच ठेवील. आणि त्याला तसं शहाणं करणारी आपण.

ऊन डोक्यावर आलं. बांधाच्या टोकाला निळा डगला दिसला. शेवंती बघत राहिली. डगला जवळ आला, आणखी जवळ आला. काहीच चमकलं नाही.

ती खाली मान घालून मीठ ओढायला लागली आणि मान वर करायची नाही असं तिने ठरवलं.

"वैनी, मीठ बरं हाय औंदा."

पण ती वाकलेलीच होती, त्यामुळे कंबर दिसलीच. काळा पट्टा होता. त्यावर ना उपरणं, ना फडकं. मधोमध बिल्ला होता, पण काळा-हिरवा पडलेला, चुलीतल्या पळीसारखा. दोरीची गाठ कुठे आणि पळी कुठे, जवळून बघावं लागत होतं.

"ह्याला काय जालं?"

"धा दिस चौकीच्या ओल्या पेटीत पडून हुता. काल हातात आला. राखेनं घासला, उजळत न्हाई." विश्राम पट्टा सोडत बांधावर टेकला. "म्हनलं, तुमच्याकडं चिंच असंल. मीठ तर हायेच."

शेवंती खोपटात गेली, चिंचेचा गोळा भिजवून आणला. स्वतःच्या राशीतलं मूठभर मीठ घेतलं. बांधावर बसून तिने तो बिल्ला मांडीवर धरला आणि घासायला लागली. जोर लावून, बोटाच्या टोकाने प्रत्येक खाचेत. आधी गाठीचा वरचा फास निघाला. मग पळीचा दांडा.

"विश्रामदादा," ती घासता घासता म्हणाली, वर न बघता, "झाकून ठेवला असतात तं बरा हुता. पुना कुनी माझ्यासारखी येरी भेटली तं?"

"तर ती बी पाऊल घेऊन यील की तीन कोस." त्याने तांब्या तोंडाला लावला, प्यायला, विसळून पालथा घातला. "झाकलेल्या मानसावर आळ येत न्हाई, वैनी, खरं हाय. पर त्याची माफी मागाया तरी कोन येनार? त्याचं घर कुनाला ठावं?"

शेवंतीने नाक ओढलं. खारं वारं आहे, नाक वाहतंच. बिल्ला तिने पदराने पुसला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, पळीच्या टोकाला अजून एक काळा ठिपका होता, तोही काढला, आणि मग दिला.

पुढच्या गुरुवारी ती वाफ्यात वाकलेली होती. धाकू बांधावर फावडं धरून उभा होता. अर्ध्या कोसावर, खाजणाच्या कडेला, उन्हात काहीतरी लखकन चमकलं.

"आला," धाकू म्हणाला.

शेवंतीने मान वर केली नाही. "तांब्या भरून ठेव गं," तिने शकूला हाक दिली, आणि मीठ ओढत राहिली.